मोटार परिवहन कार्यालयातील हेलपाटे व शेतकऱ्याचा दिवस

शेतकऱ्याचा दिवस वाया गेला तर त्याची नोंद कोठेही होत नाही. नोकरदाराची रजा हजेरीपटावर पडते, मजुराचा खाडा मजुरीतून कापला जातो. परंतु भात कापणीस आले असता अथवा आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा दिसू लागला असता शेताचा मालक दिवसभर एखाद्या कचेरीच्या बाकावर बसून राहिला, तर त्या दिवसाची किंमत त्याला पुढे पीक हाती आल्यावर, आणि तीही अंदाजानेच, कळते. रत्नागिरी जिल्ह्यात शेतकऱ्याचे असे दिवस ज्या कामांपायी जातात, त्यांत मोटार परिवहन कार्यालयातील कामाची गणना आता करावी लागते.

एके काळी हा प्रश्न शेतकऱ्याचा नव्हता. बैलजोडीला विमा लागत नसे व पासिंगही लागत नसे. आज चित्र पालटले आहे. डोंगरउतारावरील लहान लहान खाचरांमुळे कोकणात मोठा ट्रॅक्टर फारसा फिरत नाही हे खरे. पण दुचाकी वाडीवाडीत पोहोचली आहे, आणि आंबा, काजू, मासळी व भाजीपाला वाहून नेणारी पिकअप गाडी हे बागायतदाराचे औतच झाले आहे. ज्या घरातील कर्ता पुरुष मुंबईस नोकरीला आहे, त्या घरची स्त्री स्वतः स्कूटर चालवीत बाजाराला, बँकेला व मुलाच्या शाळेला जाते. या सर्वांना चालकाची अनुज्ञप्ती, म्हणजे आपल्या बोलीतील लायसन, हवे. वाहनाची नोंदणी, मालकीबदल, कर्जाचा बोजा उतरविणे आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे पासिंग, हीही कामे मागोमाग येतात.

अंतराचे ओझे

रत्नागिरी जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी तर तो बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरला होता व सावंतवाडीच्या माणसालाही जिल्ह्याच्या कामाकरिता रत्नागिरीच गाठावी लागे. विभाजनाने दक्षिणेकडील लोकांची सोय झाली. उत्तरेकडील अंतर मात्र होते तेवढेच राहिले. मंडणगडहून खेड, चिपळूण, संगमेश्वर या मार्गाने रत्नागिरी दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. दापोलीच्या माणसाने दाभोळ-धोपावे व पुढे तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी धरल्या तर रस्ता बराच तुटतो. पण मग बोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की मुंबई-गोवा महामार्ग अडतो, आणि सकाळी निघालेला मनुष्य कचेरीची वेळ टळल्यावर पोहोचतो. १९९८ पासून कोकण रेल्वे झाली आहे. परंतु रेल्वेची स्थानके गावांपासून दूर असल्याने मंडणगड किंवा गुहागरच्या शेतकऱ्याला तिचा या कामी फारसा उपयोग होत नाही.

म्हणून शहरातील माणसाला जे काम अर्ध्या तासाचे वाटते, ते येथे पहाटेच्या एस. टी. गाडीने सुरू होऊन रात्रीच्या गाडीने संपते. काम झाले तर तो दिवस सार्थकी लागला. न झाले तर तो हेलपाटा होतो. शेतकऱ्याची तक्रार ऐकली तर ती बहुधा रांगेत दोन तास उभे राहावे लागल्याची नसते. दोन तास उभे राहून परत जावे लागले, याची असते.

रांग कशामुळे लांबते

रांगेचा अभ्यास हे एक शास्त्र आहे, हे सांगितल्यास काहींना आश्चर्य वाटेल. डेन्मार्कमधील गणितज्ञ एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असता १९०९ साली या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती तारा ठेवल्या असता किती ग्राहकांना तिष्ठत बसावे लागेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढे त्याच विचारातून रुग्णालये, बँका व कचेऱ्या यांतील रांगांचे गणित उभे राहिले.

त्या गणिताचा जो भाग आपल्या कामाचा आहे तो हिशेबानेच पाहू. एक निरीक्षक सकाळी दहा वाजता चाचणी घेण्यास बसला, प्रत्येक उमेदवाराला सहा मिनिटे लागतात, आणि चाळीस उमेदवार दहाच्याच ठोक्याला हजर झाले असे समजा. पहिल्याचा नंबर लगेच लागेल. चाळिसाव्याला ३ तास ५४ मिनिटे वाट पाहावी लागेल. चाळीस जणांचे मिळून ७८ तास नुसते बसण्यात जातील, म्हणजे जवळजवळ दहा माणसांचे पूर्ण दिवस. आता हीच चाळीस माणसे सहा सहा मिनिटांच्या अंतराने, ठरवून दिलेल्या वेळेला आली, तर निरीक्षकाचे काम चारच तासांचे राहील आणि बसणे जवळजवळ संपेल. मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळ्या गावाला एकाच दिवशी औत हवे असते, आणि वाडीत मोजक्याच जोड्या असतात. कोणी तरी मागे राहणारच. कचेरीत सकाळी दहा वाजता हेच होते.

आज चाचणीची वेळ परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून आधी घेता येते, ती या कारणासाठीच. परंतु घेतलेली वेळ पाळणे हेही तितकेच आवश्यक आहे. दूरच्या माणसाला एस. टी.च्या वेळेवर अवलंबून राहावे लागते, त्यामुळे त्याने सकाळची पहिली वेळ मागू नये. रत्नागिरी स्टँडवर आपली गाडी प्रत्यक्षात कधी लागते हे ध्यानात घेऊन त्यानंतरची वेळ निवडावी.

दुसरी गोष्ट अशी की, रांगेतील एका माणसाचे कागद अपुरे असले तर त्याचा त्रास त्याला एकट्यालाच होत नाही. वरील चाळिसांपैकी दहा जणांच्या कागदांत खोट निघाली व प्रत्येकाशी बोलण्यात आणखी सहा मिनिटे गेली, तर त्या दहांच्या मागे असलेल्या प्रत्येकाचा एक तास वाढला. या दहा जणांना परत जावे लागणार ते वेगळेच. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे, राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू आहे. शनिवारी कचेरी उघडी असेल या जुन्या समजुतीने निघणारे अजूनही आढळतात.

कागदांतील नावे

हेलपाट्यांचे खरे मूळ बहुतेक वेळा कागदांतील विसंगतीत असते, आणि कोकणात ही विसंगती फार. एकाच माणसाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, सातबारावर दुसरे, आणि आधारपत्रावर गावाच्या नावावरून पडलेले तिसरेच. लग्न झालेल्या स्त्रीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते व शिधापत्रिकेवर सासरचे. मधला दुवा, म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, बहुधा काढलेलेच नसते, कारण तोपर्यंत त्याची कोठे गरज पडलेली नसते. जन्मतारखेचेही तसेच. मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली तारीख एका कागदावर आणि आजीने सांगितलेली दुसऱ्या कागदावर.

ही दुरुस्ती परिवहन कार्यालयात होऊ शकत नाही. तेथील लिपिकाने कितीही मनात आणले तरी संगणक दोन भिन्न तारखा स्वीकारीत नाही. ती आधी गावात अथवा तालुक्याला व्हावयास हवी. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणाचाही अर्ज भरण्यास बसण्यापूर्वी त्याचे सर्व कागद एका चटईवर मांडावेत व नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता या चार गोष्टी अक्षर न् अक्षर जुळवून पाहाव्यात. हे काम दहा मिनिटांचे आहे. ते न केल्यास दहा मिनिटांऐवजी दोन दिवस जातात.

पत्त्याविषयी थोडे अधिक. छापलेली अनुज्ञप्ती टपालाने घरी येते. कोकणातील घरे एकमेकांपासून दूर, आणि एकाच तालुक्यात एकसारख्या नावाच्या दोन-तीन वाड्या असणे हे काही नवल नव्हे. अर्जात नुसते गावाचे व तालुक्याचे नाव लिहिले तर नव्या पोस्टमनने घर शोधावे कसे? वाडीचे नाव, घर क्रमांक, पोस्ट व पिनकोड पूर्ण लिहावेत आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक द्यावा. पत्ता न सापडल्याने परत गेलेले टपाल पुन्हा मिळविणे हे नवे लायसन काढण्याइतकेच किचकट होऊन बसते. कार्ड हाती येईपर्यंत डिजिलॉकर अथवा एम-परिवहन यांवरील प्रत दाखविता येते. २०१८ पासून ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते.

चाचणीला नेलेल्या वाहनाचीही परीक्षा असते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. शेजाऱ्याची स्कूटर मागून नेली आणि तिचा विमा मागच्याच महिन्यात संपला आहे असे तेथे गेल्यावर कळले, तर उमेदवार कितीही कुशल असला तरी चाचणी होत नाही. वाहनाची नोंदणी, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आदल्या दिवशी पाहावे, पुढेमागे लाल अक्षरातील ‘एल’चा फलक लावावा आणि दुचाकीसाठी शिरस्त्राण न विसरता न्यावे. दुचाकी व मोटार या दोन्हींची अनुज्ञप्ती हवी असल्यास दोन्ही वर्ग एकाच अर्जात नोंदवावेत. प्रत्येक वर्गाची चाचणी वेगळी द्यावी लागते, पण खेप एकच होते.

गावातून होणारी कामे

केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये परिवहनाच्या १८ सेवा आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या मिळतील असे जाहीर केले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ही संख्या ५८ झाली. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ अनुज्ञप्तीची लेखी परीक्षा घरून देण्याची सोय आहे. चाचणीची गरज नसलेले नूतनीकरण, हरवलेल्या अनुज्ञप्तीची दुसरी प्रत, पत्त्यातील बदल, वाहनाचा मालकीबदल आणि कर्जाच्या बोजाची नोंद अथवा ती काढून टाकणे यांचाही या सेवांत समावेश आहे. चाळीस वर्षांपुढील अर्जदाराला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते तालुक्याच्या ठिकाणी नोंदणीकृत डॉक्टराकडून मिळते, त्याकरिता रत्नागिरीस जावे लागत नाही.

या सोयीचा लाभ घेण्यास एक अट आहे: आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असला पाहिजे, कारण त्यावरच सांकेतिक अंक येतो. कोकणात पुष्कळदा हा क्रमांक मुंबईस असलेल्या मुलाचा असतो. आई वाडीत, सेवा केंद्र ग्रामपंचायतीत आणि सांकेतिक अंक मुंबईतील कारखान्यात कामावर असलेल्या मुलाच्या खिशात, असा प्रकार घडतो. क्रमांक बदलून घेणे हे आधार केंद्राचे काम आहे आणि ते आधी उरकून घ्यावे.

घरून देण्याच्या परीक्षेबद्दल मात्र स्पष्ट बोलावयास हवे. उमेदवाराऐवजी दुसऱ्याच कोणी बटणे दाबून देणे हे कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय ते उमेदवाराच्याच जिवावर बेतणारे आहे. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. रस्त्यावरील चिन्हे व नियम यांचा आठवडाभर अभ्यास केलेल्या कोणासही ते अवघड नाही. भोस्ते घाटातील वळण केंद्रचालकाची परीक्षा पाहणार नाही, गाडी हाकणाऱ्याचीच पाहील. महिला बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास काढून चिन्हांचे तक्ते दाखविले, तर आठ-दहा स्त्रियांची तयारी एकदम होऊ शकते.

एजंटाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. माणूस एजंटाकडे जातो तो बहुधा लबाडी करावयाची म्हणून नव्हे. अर्ज कसा भरावा हे कळत नाही आणि परत यावयास दिवस नाही, म्हणून तो जातो. गावातच अर्ज नीट भरून मिळाला तर ही गरज पुष्कळ अंशी उरत नाही. शुल्क शासनाच्या संकेतस्थळावरच भरावे आणि पावतीची प्रत जपून ठेवावी.

जे काम प्रत्यक्ष हजर राहिल्यावाचून होत नाही, म्हणजे वाहन चालविण्याची चाचणी आणि पासिंग, त्यासाठी मोटार वाहन निरीक्षक तालुक्याच्या गावी येऊन शिबिरे घेतात. ती कोठे व कोणत्या तारखांना आहेत हे महिन्याच्या आरंभीच विचारून घेऊन ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातून होणारे सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी काम होय. मंडणगडच्या माणसाला दापोली अथवा खेडचे शिबीर जवळ पडते, आणि राजापूरच्या आडगावातील माणसालाही अर्धा दिवस वाचतो.

शिमगा ते गणपती

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते व ती मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. हा नियम सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या बाबतीत त्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. हा मुलगा शिमग्याला गावी येतो, मित्रांच्या नादाने शिकाऊ लायसन काढतो आणि चाचणी गणपतीला आल्यावर देऊ म्हणून परत जातो. साधारण वर्षी शिमगा ते गणेश चतुर्थी यांत साडेपाच महिन्यांचे अंतर असते. २०२५ साली होळी १३ मार्चला व चतुर्थी २७ ऑगस्टला आली. म्हणजे सहा महिने भरावयास पंधरा-सतरा दिवसच उरले, आणि त्यांतही सणाची सुटी व गर्दी. अधिक मास मध्ये आला तर हिशेब पार बिघडतो. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठामुळे होळी मार्चच्या आरंभी व चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे शिमग्याला काढलेली शिकाऊ अनुज्ञप्ती गणपती येण्यापूर्वीच बाद. सारे पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय दोन आहेत. एक, मे महिन्यात आंबे उतरविण्यास घरी येणे होतेच, त्या वेळी चाचणी द्यावी. दुसरा, २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा ज्याचा मुक्काम बारमाही मुंबईस आहे त्याने तेथेच सारे काम उरकणे बरे.

नूतनीकरणाचीही मुदत पाहावी. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. त्यापलीकडे गेल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यावरच्या वर्षात अर्ज चालतो याचा अर्थ त्या काळात गाडी चालविण्यास हरकत नाही असा कोणी घेऊ नये. २०१९ पासून वयाच्या तिशीपूर्वी काढलेली अनुज्ञप्ती चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. त्या वर्षी ती संपते हे विसरलेले लोक आता गावोगाव निघतील.

पिकअप आणि आंब्याचा हंगाम

पिकअप ही कायद्याच्या दृष्टीने परिवहन वाहन आहे, म्हणून तिला पासिंग लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपत असेल तर ती नेमकी पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचविण्याच्या धांदलीत येते. बागायतदाराने नोंदणीपत्रावरील तारीख दिवाळीतच पाहून ठेवावी आणि शक्यतो भातकापणी आटोपल्यापासून मोहोराच्या फवारण्या सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत दिवे, ब्रेक, टायर व परावर्तक पट्ट्या दुरुस्त करून घ्याव्यात. तपासणीत दोष निघून परत आलेली गाडी हाही हेलपाटाच. तो तर इंधन जाळून झालेला.

येथे एक चांगली गोष्ट नमूद करावयाची आहे. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असणाऱ्याने मालवाहू पिकअप चालविण्याकरिता वेगळी नोंद करून घ्यावी लागते, अशी समजूत होती व त्यापायी पुष्कळांच्या खेपा होत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात निर्णय दिला की, ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते. बागायतदाराची नेहमीची पिकअप या मर्यादेत सहज बसते.

परंतु अनुज्ञप्तीच नसेल किंवा तिची मुदत संपली असेल तर पुढचा प्रसंग कठीण आहे. अपघातात तिऱ्हाइताला इजा झाली आणि गाडी हाकणाऱ्याजवळ वैध अनुज्ञप्ती नव्हती असे ठरले, तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम कोकणातील मध्यम बागेच्या कित्येक हंगामांच्या उत्पन्नाएवढी होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला अथवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी २०१९ पासूनची तरतूद आहे. रत्नागिरीला जाऊन यावयास दिवस नाही म्हणून जे काम पुढे ढकलले जाते, त्याचे मोल असे मोजावे लागते.

मालक वारल्यास

घरातील मालक वारला की जमिनीच्या वारसनोंदीकडे लक्ष जाते. दारातील गाडीकडे जात नाही. वारसाने गाडी वापरावयाची असल्यास मृत्यूपासून ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला तसे कळवावे लागते व तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा लागतो. हे न केल्याने मृताच्या नावावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या गाड्या आहेत. विक्रीच्या वेळी मग भावाभावांच्या संमत्या गोळा करीत फिरावे लागते, आणि एक भाऊ मुंबईत, एक सुरतेस. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच नामनिर्देशन करता येते. नवी गाडी घेणाऱ्याने ते अवश्य करावे.

बँकेच्या कर्जाचेही तसेच. शेवटचा हप्ता फेडला म्हणजे सारे झाले असे समजून लोक स्वस्थ बसतात, पण नोंदणीपत्रावर बोजा तसाच असतो. बँकेच्या सहीशिक्क्यासह नमुना ३५ हप्ता संपताच घ्यावा. शाखेतील साहेब बदलल्यावर अथवा शाखाच हलल्यावर तो मिळविणे त्रासाचे होते.

कार्यालयाची जबाबदारी

आतापर्यंतचा मजकूर वाचून सारे दोष अर्जदाराचेच आहेत असा कोणी समज करून घेऊ नये. कागद पूर्ण आहेत, वेळ पाळली आहे आणि तरीही काम होत नाही, असेही घडते. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अस्तित्वात आहे. अधिसूचित सेवेला किती दिवस लागतील, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण व अपील कोणाकडे करावयाचे, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावावयाचे असते. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते. “उद्या या” हे लेखी कारण नव्हे. मुदत उलटल्यापासून अथवा अर्ज फेटाळल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील, त्यावर दुसरे अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. पुरेसे कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अपील करावयाचे तर हाती पुरावा हवा. म्हणून अर्ज केल्याबरोबर मिळालेला क्रमांक व तारीख एका वहीत लिहावी. कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत अशी एक वही ठेवली तर अर्जदाराचे नाव, सेवा, अर्जक्रमांक, मुदतीची तारीख आणि प्रत्यक्ष काम झाल्याची तारीख असे पाच रकाने पुरतात. त्या वहीत सहा महिन्यांच्या नोंदी साठल्या म्हणजे कोणत्या कामात वेळ जातो, कागद कोणते अडतात आणि कोणत्या तालुक्याला शिबिराचे दिवस कमी पडतात, हे जिल्ह्याच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडता येते. शिबिराचा एक दिवस वाढवून मागावयाचा असल्यास अशा वहीइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही. तिचा पहिला रकाना भरण्यास भातकापणीनंतरचा महिना सोयीचा, कारण पिकअपवाले त्याच सुमारास आपापली नोंदणीपत्रे काढून पाहत असतात.